बारदानासकट वजन

जळगावात मला नावानं ओळखणारे थोडे. ‘वजनवाली बाई’ म्हटलं की मात्र बरेचजण ओळखतात, आणि त्यातले निम्मे कपाळाला आठ्या घालूनच ओळखतात. एकदा भाजीबाजारात कोथिंबीर निवडत होते, तर शेजारच्या बाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं आणि माझ्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणाल्या, "याच त्या, बॅगेतून आपले वेफर काढायला लावणाऱ्या." मी मान खाली घातली आणि कोथिंबीर निवडत राहिले. लावले होते काढायला.

मी मूळची धुळ्याची. नोकरीची बरीच वर्षं मुंबईच्या विमानतळावर गेली, पण त्याबद्दल लिहावंसं फारसं काही वाटत नाही. तिथे आज भांडलेला माणूस पुन्हा जन्मात दिसत नसे. जळगावला विमानं सुरू झाली, एका स्वस्त तिकिटाच्या कंपनीला खानदेशातलं माणूस हवं होतं, म्हणून शेवटची काही वर्षं मी इकडे आले. आमच्या विमानतळावर मोजकी माणसं. जी बाई खिडकीवर तुमची बॅग तोलते, तीच थोड्या वेळानं दारात उभी राहून तुमचा पास तपासते आणि विमान उतरलं की आलेल्यांची बॅग हरवली तर तक्रारही तीच लिहून घेते. त्यामुळे मघाशी ज्याच्याकडून जादा वजनाचे पैसे घेतले, त्यालाच दारात हसून ‘शुभ प्रवास’ म्हणावं लागे. तो हसत नसे. माझी त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

बाहेरच्यांना हा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. स्वस्त तिकीट स्वस्त असतं, कारण त्यात फक्त तुम्ही बसता. तुमची बॅग, तुमचं खाणं, तुमची खिडकीजवळची जागा, सगळं वेगळं. विमानाच्या पोटात जाणारी बॅग पंधरा किलोपर्यंत, हातातली सात किलोपर्यंत, त्यापुढे किलोला इतके. आधी घरून मोबाइलवर पैसे भरले तर कमी, खिडकीवर भरले तर जास्त. ही शेवटची ओळ तिकिटावर असते, पण मुंगीएवढ्या अक्षरात असते. लोक चिडून विचारत, "ताई, एवढे पैसे का?" मग आम्हाला शिकवलेलं उत्तर द्यायचं: विमान लहान आहे, वजन सांभाळावं लागतं, सुरक्षेचा प्रश्न आहे. हे खोटं नाही. लहान विमानात वजनाचा हिशेब खरोखरच काटेकोर असतो. पण पैसे भरले की तीच बॅग त्याच विमानात बिनबोभाट जाते, हेही खोटं नाही. पहिलं कारण विमानाचं, दुसरं कंपनीचं. मी आयुष्यभर पहिलं सांगत आले आणि दुसरं मनात ठेवत आले. ते ओझं कुठल्या काट्यावर दिसलं नाही एवढंच.

आपल्याकडची गंमत अशी की लोक वजन करत नाहीत असं मुळीच नाही. उलट जळगावइतकं तोलणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. सोनं तोलायचं, डाळ तोलायची, कापूस तोलायचा, केळी तोलायची. घरून निघताना बॅग कुणाच्या ना कुणाच्या काट्यावर चढलेलीच असते आणि ती बरोबर पंधरा भरलेली असते. बिघडतं ते विमानतळाच्या दारात. कारण माणूस एकटा जातो, पण सोडायला चार गाड्या येतात. काकू येते ती बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा घेऊन. मामा येतो तो भरताची वांगी घेऊन, तीही आपली मोठी, हिरवी, एकेक वीतभर. आत्या काळ्या मसाल्याची पुडी आणते. निरोपाला रिकाम्या हातानं यायचं नाही हा आपल्याकडचा शिरस्ता, आणि दिलेलं परत करायचं नाही हाही. मग घरी पंधराची असलेली बॅग माझ्यापर्यंत अठराची होऊन येते आणि माणूस शपथेवर सांगतो, "मॅडम, तुमचा काटा बिघडला आहे."

काट्यावर संशय घेणारे पुष्कळ भेटले, पण एका सराफांची आठवण अजून हसू आणते. त्यांची बॅग थोडीशी जास्त भरली. अर्ध्या किलोच्या आसपास. एवढंसं मी एरवी सोडत असे, पण त्या दिवशी वरचे साहेब येऊन बसलेले. सराफ शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे गुंजभर इकडेतिकडे चालत नाही, तुमचा काटा कोण तपासतं?" मी शिक्का दाखवला. त्यांचं समाधान होईना. त्यांनी ड्रायव्हरला दुकानात पिटाळलं आणि आपलं शिक्क्याचं वजन मागवून घेतलं. ते माझ्या काट्यावर ठेवलं. काटा तंतोतंत निघाला. सराफांचा चेहरा उजळला, पैसे मोजून दिले, पावती खिशात घातली आणि जाताना मलाच म्हणाले, "काटा खरा असला की द्यायला दुःख नाही." असं गिऱ्हाईक मला नंतर मिळालं नाही.

सगळेच असे हसवून जात नसत. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचं मला फार वाईट वाटे. मोठ्या विमानाला दोन मोठ्या बॅगा चालतात, म्हणून मुलगा दोन बॅगा भरून येतो. पण जळगावहून मुंबईचं तिकीट वेगळं काढलेलं, आमच्या कंपनीचं, आणि आमच्याकडे पंधराच. सगळं घर दारात उभं, आईचे डोळे आधीच भरलेले, आणि मी त्यात आकडा सांगणार. वडील पाकीट काढत. तो आकडा सांगताना माझा आवाज खाली येई, पण आकडा कमी होत नसे. त्या पोरांना आधी कुणी सांगायला हवं होतं, एवढंच मला अजून वाटतं.

यातून मी एक युक्ती काढली होती आणि तिचा मला बऱ्यापैकी अभिमान होता. ती सुचली एका डाळमिलवाल्या शेठजींमुळे. शेठजींची बॅग म्हणजे जाड चामड्याची, पितळी कुलपांची. वजन जास्त भरलं तसे ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बारदान कापलंच नाही."

ज्यांचा बाजार समितीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. बारदान म्हणजे रिकामं पोतं. शेतकऱ्याचा माल पोत्यासकट काट्यावर चढतो, पण हिशेब करताना पोत्याचं वजन वजा करायचं, उरेल तो माल. याला बारदान कापणं म्हणतात. बाजारात मुरलेल्या माणसाला हे श्वास घेण्याइतकं उघड असतं. म्हणून आपल्याकडचे कितीतरी लोक आत पंधरा किलो सामान मोजून भरतात आणि बॅगेचं वजन धरतच नाहीत. ही चूक मुंबईत कुणी केलेली मी पाहिली नाही. इथे आठवड्याला एखादा तरी करायचाच.

मी शेठजींना म्हटलं, "विमान बारदान कापत नाही. पण तुम्ही कापू शकता. बॅग ड्रायव्हरबरोबर घरी पाठवा, सामान गोणीत भरा." आमच्याकडे पांढऱ्या गोण्या आणि चिकटपट्टी असायचीच. शेठजींचं सामान गोणीत गेलं, वजन बरोबर बसलं, आणि ते इतके खूश झाले की बाजारभर सांगत सुटले. त्यानंतर लोक येऊन विचारत, "ताई, ती गोणीवाली युक्ती करा ना." महागड्या बॅगा घरी परतायच्या आणि हैदराबादच्या पट्ट्यावर खानदेशच्या गोण्या उतरायच्या. मला वाटे, चला, कंपनीचं मीठ खाऊनही गावाचं थोडं भलं केलं.

नाना आले ते याच दिवसांत.

सकाळचं हैदराबादचं विमान होतं. धोतर, पांढरी टोपी, पायात नवी वहाण, आणि हातात एक जुनी, मोरपंखी रंगाची, कडक पाठीची पेटी. चाकं नसलेली. पेटी पुसून लख्ख केलेली होती, पण तिची फॅशन कधीच गेली होती. बरोबर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ, ते सोडायला आलेले. त्यांचं नाव धोंडूभाऊ. नाना साक्रीकडचे, तिथल्या बाजारात मापाडी, म्हणजे काट्यावर उभं राहून शेतकऱ्याचा माल तोलणारे. ते मापाडी आहेत हे मला त्यांनी सांगितलं नाही, पेटी काट्यावर ठेवण्याच्या पद्धतीवरूनच कळलं. ठेवली, हात सोडले आणि काटा थांबेपर्यंत तिकडे पाहिलंही नाही.

काट्यानं वीसच्या वर आकडा दाखवला.

"नाना, पाच किलो जास्त होतंय," मी म्हटलं.

नानांनी आकड्याकडे पाहिलं, मान हलवली आणि अहिराणीत म्हणाले, "बरोबर शे. माल पंधरा किलो शे, मी सोता तोलेल शे. बाकी बारदान. ते कापी टाका."

मी नेहमीचं समजावलं. हातातली थैली पाहिली, तीत काही सरकवता येतं का म्हणून. तीत बाळंतिणीचे डिंकाचे लाडू होते आणि तीही काठोकाठ भरलेली. मग जादा वजनाचा आकडा सांगितला. पैशांचं ऐकून त्यांचा चेहरा बदलला नाही. तो बदलला ‘पेटीचं वजन धरावं लागेल’ हे ऐकून.

"बठ्ठी, सारी जिंदगी काटावर गई मनी," ते म्हणाले. "शेतकरीना मालमां कधी बारदान धरं नही. आनि तुम्ही मना मालमां धरतस?"

रांगेत मागे माणसं उभी होती. मी घाईघाईनं आणि मोठ्या आपलेपणानं आपली युक्ती बाहेर काढली. "नाना, सोपं आहे. पेटी या भाऊंबरोबर घरी पाठवा. सामान मी गोणीत भरून देते. एक पैसा लागणार नाही."

नानांनी पेटी काट्यावरून उचलली. "पेटी नही, तं मी बी नही," म्हणाले आणि दाराकडे वळले.

इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्या युक्तीवर कुणी असं पाठ फिरवलेलं मी पाहिलं नव्हतं. धोंडूभाऊ तसेच खिडकीशी उभे होते. ते काउंटरवर ओणवले आणि हलक्या आवाजात बोलले. "ताई, तेले थांबाडा. तो आते परत फिरना ना, तं परत कधी येवाव नही. नऊ वरीस व्हयनात, पोरगीसंगे बोलेल नही."

मग त्यांनी मला भराभर सांगितलं. नानांची पोरगी, एकुलती एक. तिचं लग्न ठरवायचं चाललं होतं तेव्हा नानांनी धुळ्याच्या बाजारातून हौसेनं ही पेटी घेतली. रंगही पोरीच्या आवडीचा. मग पोरीनं आपल्या मर्जीनं, परक्या जातीत लग्न केलं आणि ती हैदराबादला गेली. पेटी कपाटावर राहिली. नानांनी ती कुणाला देऊ दिली नाही, वापरूही दिली नाही. आता पोरीला मुलगा झाला. अक्का, म्हणजे नानांची बायको, बाळंतपणाला आधीच रेल्वेनं गेल्या होत्या. बारशासाठी पोरीनं बापाला विमानाचं तिकीट पाठवलं. चार दिवस नाना नाही नाहीच म्हणत होते. पाचव्या दिवशी कपाटावरून पेटी काढून पुसायला बसले.

मी माझ्या सहकाऱ्याला खिडकीवर बसवलं आणि बाहेर गेले. नाना दाराजवळच्या बाकावर बसले होते, पेटी मांडीवर. खिडकी बंद व्हायला फार वेळ नव्हता. विमानाचे नियम त्यांना सांगून झाले होते. शेजारी बसले आणि आपोआप तोंडातून माझीही अहिराणी बाहेर आली. घरी आई वारल्यापासून मी ती फारशी बोललेच नव्हते.

"नाना, एक इचारू? तुम्ही बारदान कसाले कापतस?"

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. पण प्रश्न त्यांच्या धंद्याचा होता, त्यामुळे उत्तर द्यावंच लागलं. "कारन बारदान शेतकरीनं राहस. तो माल इकस, बारदान इकत नही. बारदान तो घर लई जास."

"मंग हाई पेटी तुम्ही परत घर लई येशात?"

बाहेर विमान उभं होतं, त्याचा आवाज येत होता. त्यांचा अंगठा पेटीच्या कडीवर फिरत होता.

"नही," ते म्हणाले. "तिले देवानी शे."

"मंग ती बारदान कशी व्हयनी, नाना? ती तं मालच व्हयनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडतील. पण ते एक हिशेब मनात पुन्हा करत होते, आणि तो बरोबर येत होता. मापाडी माणूस बरोबर आलेल्या हिशेबाशी भांडत नाही.

"बरोबर शे," ते म्हणाले आणि उठले. "धरा पेटीनं वजन. माल काढस मी."

खिडकीसमोर खाली बसून त्यांनी पेटी उघडली. आत धुतलेल्या कापडाच्या पुरचुंड्या ओळीनं लावलेल्या. तुरीची डाळ, कळण्याच्या भाकरीचं पीठ, मिरच्या, शेंगदाणे. एका कडेला नातवाचं झबलं आणि टोपडं. झबल्याला त्यांनी हात लावला नाही. डाळीच्या आणि पिठाच्या पुरचुंड्या काढून धोंडूभाऊंच्या ओंजळीत देत गेले. "डाय तं तठेबी भेटस," एवढंच म्हणाले. ती डाळ त्यांनीच निवडली, तोलली, बांधली होती. मागच्या रांगेतलं कुणीही घाई करत नव्हतं. पेटी पुन्हा काट्यावर चढली, आकडा पंधरावर थांबला, मी पट्टी चिकटवली. पेटी आत जाताना नाना मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

दारात मीच होते, पास तपासायला. ‘शुभ प्रवास’ म्हणायचं मी विसरले. म्हटलं, "नाना, संभाळीसन जा." त्यांनी नुसती मान हलवली. शिडीच्या पहिल्या पायरीवर ते थांबले तेव्हा मला वाटलं, आता परत फिरतात. पण ते वहाण झटकत होते. मग चढले.

त्या दिवसानंतर गोणीची युक्ती मी बंद केली असं नाही. लोकांचे पैसे वाचत होते, का बंद करू? पण सांगण्याआधी एक विचारायला लागले: या बॅगेत तुमचं काय आहे, आणि ही बॅग कुणाची आहे. बहुतेक लोक हसत आणि म्हणत, "बॅग काय, बॅगच आहे." एखादा मात्र घुटमळे. त्याची बॅग मी घरी पाठवत नसे. नोकरीच्या शेवटी शेवटी शिकलेली ही एवढीच गोष्ट. आधी शिकले असते तर किती लोकांच्या कसल्या कसल्या पेट्या ड्रायव्हरबरोबर परत गेल्या नसत्या, हा विचार कधीतरी येतो.

महिन्याभरानं हैदराबादचं विमान उतरलं आणि उतरणाऱ्यांत पांढरी टोपी दिसली. नाना पुढे, मागे अक्का. नानांच्या खांद्यावर पांढरी गोणी होती, तोंड सुतळीनं शिवलेलं. हातात आणखी काही नव्हतं. मी पुढे झाले. अक्कांना ओळख सांगावी लागली नाही, त्यांना सगळं ठाऊक होतं असं दिसलं, कारण त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही.

"नाना, गोनी आनी?" मी विचारलं.

"पोरगीनी भरी दिधी."

"आनि पेटी?"

नानांनी गोणी खाली ठेवली. टोपी काढून पुन्हा नीट घातली. अक्का त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

"पेटी भरेल शे," ते म्हणाले. "पोरगीनी गोधडी टाकी तिनामां. नातू निजस."

नानाच पुन्हा बोलले, या वेळी जरा मोठ्यानं, बाजारात आकडा पुकारतात तसे.

"काल तोलं तेले, पेटीसकट. चार किलो भरना." मग गोणी पुन्हा खांद्यावर घेत म्हणाले, "बारदान कापीसन."